चाळीस जणांची रेड आणि बाहेर बसलेले पंधरा

मध्य युरोपात संध्याकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा हिवाळ्यात पुण्यात बरोबर मध्यरात्र होते. हे गणित मला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ या ऑनलाइन खेळामुळे पाठ झाले. २००४ साली आलेल्या या खेळाचे जुने रूप ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा खुले झाले आणि कॉलेजात असताना जो खेळ केवळ मित्राच्या खांद्यावरून पाहिला होता, तो आता स्वतःच्या पगारातून खेळता येईल, एवढ्या एकाच विचाराने मी वर्गणी भरली. भारतात सर्व्हर नसल्यामुळे युरोपातला एक निवडला, पुरोहित वर्गातला एक हीलर, म्हणजे इतरांना बरे करणारे पात्र, तयार केला आणि ऑफिसातून आल्यावर रोज दीड-दोन तास देत डिसेंबरमध्ये एकदाची साठावी, म्हणजे शेवटची, पातळी गाठली.

तोपर्यंत हा खेळ माझ्यासाठी एकट्याचा होता. मोल्टन कोअरमध्ये पाऊल ठेवल्यावर तो तसा राहिला नाही, कारण त्या लाव्ह्याच्या गुहेत चाळीस जणांनी मिळून जावे लागते (अशा सामूहिक चढाईला रेड म्हणतात) आणि तिथला प्रत्येक बॉस, म्हणजे बडा शत्रू, आठवड्यातून एकदाच मारता येतो. मला घेतलेल्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, डेन्मार्क, पोलंड, पोर्तुगाल, ग्रीस अशा ठिकाणची माणसे होती. मूळचा कोल्हापूरचा आणि फ्रँकफर्टला नोकरी करणारा एक मुलगाही तिथे भेटला. पहिल्याच दिवशी माझा मराठी उच्चारातला इंग्रजी आवाज ऐकून त्याने खासगी संदेश पाठवला, ‘दादा, पुण्याचे काय?’ तो जेवण आटोपून निवांत बसलेला असे आणि मी बेडरूमचे दार लोटून, हेडफोनच्या माईकमध्ये कुजबुजत असे. बुधवारची रेड आमच्याकडे गुरुवार लागता लागता, मध्यरात्री सुरू होई आणि पहाटे अडीच-तीनला संपे. ‘तुम्ही झोपताय कधी ओ?’ हा त्याचा नेहमीचा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे धड उत्तर नव्हते.

बॅरन गेडन नावाच्या बॉसपाशी मी जे पाहिले, ते अजून डोळ्यांसमोर आहे. हा बॉस अधूनमधून कोणातरी एका खेळाडूला जिवंत बॉम्ब करतो. त्या खेळाडूच्या हाती आठ सेकंद असतात आणि तेवढ्यात तो बाकीच्यांपासून दूर पळाला नाही तर आपल्याबरोबर शेजारच्या दहा जणांना घेऊन जातो. माझ्या तिसऱ्या रेडमध्ये बॉम्ब माझ्यावर आला आणि मी पळालो नाही, कारण त्याच क्षणी आमची मुलगी झोपेतून उठून रडत बाहेर आली होती. मी हेडफोन काढून तिला उचलले. परत येऊन पाहतो तर पडद्यावर प्रेतांचा सडा पडलेला. रेड चालवणारा डॅनिश टँक (बॉसचे घाव स्वतःवर झेलणारा खेळाडू) रागावेल असे वाटले होते, पण तो फक्त एवढेच म्हणाला की, मूल उठले असेल तर सांगत जा, आम्ही पाच मिनिटे थांबू. त्या एका वाक्यामुळे मी त्या गिल्डमध्ये राहिलो, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

जानेवारीच्या अखेरीस मी गिल्डचा ऑफिसर, म्हणजे एक कारभारी, झालो, तोही पराक्रमाच्या जोरावर नव्हे. क्लासिकमध्ये गिल्डची सामाईक तिजोरी नाही, ती सोय मूळ खेळात २००७ साली आली. त्यामुळे सगळ्यांनी गोळा केलेल्या वनस्पती, औषधे आणि सोने कोणातरी एकाच्या दुय्यम पात्राच्या पोतडीत ठेवावे लागते आणि त्याचा हिशेब कोणीतरी लिहावा लागतो. मी व्यवसायाने लेखापाल. आगीपासून बचाव करणाऱ्या औषधांच्या किती बाटल्या आल्या आणि किती गेल्या याची शीट मी सहज म्हणून केली आणि दुसऱ्याच आठवड्यात सभासदांची यादी, हजेरीपट आणि लुटीच्या वाटपाची नोंद हे सगळे माझ्या गळ्यात पडले.

लुटीचे वाटप हाच खरा विस्तव होता. एक बॉस पडल्यावर चाळीस जणांत मोजक्या दोन-चार वस्तू मिळतात. आमच्याकडे तेव्हा ऑफिसरांचे मंडळ ठरवत असे की कोणती वस्तू कोणाकडे गेली तर रेडचा जास्त फायदा होईल. कागदावर ही पद्धत शहाणपणाची दिसते. प्रत्यक्षात मात्र जो मुख्य टँक त्याला चिलखत, जो सर्वांत जास्त मारा करतो त्याला तलवार आणि जो दर आठवड्याला निमूटपणे इतरांना बरे करत राहतो त्याला ‘पुढच्या वेळी नक्की’ असा प्रकार होत गेला. त्यातच फेब्रुवारीत ब्लॅकविंग लेअर ही पुढची रेड खुली झाली. तिथला दुसराच बॉस, वेलास्ट्राझ, सर्वांना तीन मिनिटे अमर्याद शक्ती देतो आणि तेवढ्या वेळात तो मेला नाही तर सगळे मरतात. आम्ही सलग दोन आठवडे त्याच्यापाशी अडकलो आणि साहजिकच रेडमध्ये कोणाला घ्यायचे याची निवड कडक झाली. पन्नास-पंचावन्न जण नाव नोंदवत आणि जागा चाळीसच. उरलेल्यांना आम्ही ‘बेंचवर थांबा’ असे सांगत असू आणि ते थांबतही असत.

एक पोर्तुगीज हीलर बाई अशा तीन आठवडे थांबल्या. चौथ्या आठवड्यात त्यांचे नाव यादीत नव्हते, आणि पाहिले तर त्यांनी गिल्डच सोडले होते. मी संदेश पाठवून कारण विचारले. त्यांचे उत्तर शांत होते: रेड सुटली याचे दुःख नाही, पण तीन बुधवारी मुलांना लवकर झोपवून मी तीन-तीन तास तयार बसले आणि त्याची नोंद तुमच्या शीटमध्ये कुठेही नाही. मी शीट उघडून पाहिली. हजेरीच्या स्तंभात त्यांच्या नावापुढे तीन वेळा ‘गैरहजर’ लिहिले होते, तेही माझ्याच हाताने, कारण रेडमध्ये नसलेल्या प्रत्येकासाठी मी तोच शब्द वापरत होतो.

पुढचे दोन महिने मी जे काही केले, ते त्या एका स्तंभाभोवतीच केले. मंडळ मोडून गुणांची पद्धत आणावी असा प्रस्ताव मी मांडला. ही कल्पना जुनीच आहे. १९९९ साली ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातल्या एका गिल्डने ती काढली, आणि तिथे पहिले मारले जाणारे मोठे शत्रू ड्रॅगन होते म्हणून तिला ड्रॅगन किल पॉइंट्स असे नाव पडले. रेडला आलात की गुण मिळतात आणि वस्तू हवी असेल तेव्हा ते खर्च करता येतात. आमच्या पद्धतीत मी एकच गोष्ट आग्रहाने घातली: बाहेर थांबलेल्यालाही आत लढणाऱ्याइतकेच गुण मिळतील. त्याने फक्त हाक मारल्यावर दहा मिनिटांत आत यायचे, बाकी वेळात खेळातले मासे पकडावेत, दुसरे पात्र वाढवावे, नाहीतर घरची भांडी घासावीत.

ऑफिसरांच्या बैठकीत यावर मोठा वाद झाला. ज्याने जीव तोडून मारा केला त्याला आणि जो सोफ्यावर पडून होता त्याला सारखेच कसे द्यायचे, हा आक्षेप मला खोटा वाटत नव्हता आणि आजही वाटत नाही. पण चाळीस जागांसाठी पंचावन्न माणसे लागतात हे खरे असेल, तर ती पंधरा माणसेही रेडचाच भाग ठरतात, एवढेच माझे म्हणणे होते. डॅनिश टँकने शेवटी माझी बाजू घेतली. महिनाभर करून पाहू, असे ठरले.

पळवाटा लगेच निघाल्या. एक महाशय लॉगिन करून चक्क झोपत आणि सकाळी गुण मागत. मग रेडच्या मध्यावर कधीतरी गिल्डच्या चॅटमध्ये एखादे अक्षर टाकायचे आणि दहा मिनिटांत ते परत टाईप करणाऱ्यालाच गुण द्यायचे, असा नियम केला. मी मुद्दाम ‘ळ’ टाकणार होतो, पण कोल्हापूरकराने समजावले की युरोपातल्या कीबोर्डवर हे अन्यायाचे होईल. काही जण गुण साठवून ठेवत आणि नव्यांच्या तोंडचा घास पळवत. त्यावर सगळ्यांच्या शिल्लकीतून दर आठवड्याला दहावा हिस्सा कमी करायचे ठरले. माझ्या नोकरीतल्या घसाऱ्याचा असा उपयोग होईल असे मला कधी वाटले नव्हते.

मार्चअखेर दोन गोष्टी एकदम घडल्या. २५ तारखेपासून देशात टाळेबंदी लागली आणि २९ तारखेला युरोपातली घड्याळे एक तास पुढे गेली, त्यामुळे आमची रेड मध्यरात्रीऐवजी रात्री अकराला सुरू होऊ लागली. युरोपातही लोक घरातच अडकले होते. नाव नोंदवणारे सत्तरवर गेले, आणि बेंचवरच्या गुणांनीही आता भागेना, कारण तीस माणसे नुसती थांबून काय करणार? एप्रिलच्या मध्यावर झुल’गुरूब उघडले, ते नेमके वेळेवर. ही रेड वीस जणांची आहे आणि दर तीन दिवसांनी नव्याने करता येते. २००५ साली इथल्याच हक्कार नावाच्या बॉसचा संसर्गजन्य शाप चुकून शहरांत पसरला होता आणि पुढे साथरोगांच्या अभ्यासकांनीही त्या घटनेची दखल घेतली. त्यामुळे टाळेबंदीत तिथे जाताना ‘मास्क लावून या’ हा विनोद रोज ठरलेला. आम्ही मोठ्या रेडचे ऑफिसर झुल’गुरूबपासून जाणीवपूर्वक लांब ठेवले आणि ती सगळी बाहेर थांबणाऱ्यांच्या हाती दिली. वेळ, माणसे, लुटीचा नियम, सगळे त्यांनीच ठरवायचे. ज्या ग्रीक मुलाने बुधवारी कधी माईक उघडला नव्हता, तो शनिवारी वीस जणांना घेऊन उत्तम रेड चालवू लागला. गप्पा तिथेच जास्त रंगत. बुधवारी कामाशिवाय कोणी बोलत नसे.

एका प्रयत्नात मात्र मला यश आले नाही. खेळातल्या शहरात ओनिक्सिया या ड्रॅगनचे मुंडके टांगले की आसपासच्या सर्वांना दोन तासांचा बफ, म्हणजे तात्पुरते वाढीव बळ, मिळतो, फेलवुडच्या जंगलातल्या फुलापासून आणखी एक मिळतो, आणि मेल्यावर हे सगळे जातात. त्यामुळे लोक हे बफ गोळा करून लॉगआउट होत आणि थेट रेडच्या वेळीच उगवत. आठवडाभर गिल्डमध्ये शुकशुकाट असे. वाटेत भेटणे, नव्या माणसाला एखाद्या मोहिमेत मदत करणे, सगळे थांबले. महिन्यातून एकाच रेडला बफ घ्यावेत असा नियम मी सुचवला आणि मतदानात मोठ्या फरकाने हरलो. वेगाने रेड संपली तर लवकर झोपता येते, हा त्यांचा मुद्दा होता, आणि माझ्यासारख्या रात्री दोनपर्यंत जागणाऱ्याने त्यावर काय बोलावे?

घरी वेगळेच मतदान चालू होते. मे महिन्यात एका सकाळी पत्नीने चहाचा कप पुढे ठेवत विचारले, ‘अरे, ते चाळीस जण तुझे लागतात तरी कोण?’ प्रश्न रागाचा नव्हता, त्यामुळे त्याचे उत्तर देणे जास्त कठीण गेले. मी तिला शीट दाखवली, पोर्तुगीज बाईंची गोष्ट सांगितली. तिने ती लक्षपूर्वक ऐकली आणि मग म्हणाली, ‘म्हणजे बाहेर बसणाऱ्यांना गुण द्यायचे हे तुला कळलेय. मग घरात किती महिने मी बाहेर बसलेय, ते कुठे लिहिलेस?’ त्या आठवड्यात मी रविवारची रेड सोडली आणि फक्त बुधवार ठेवला. शीटचे काम ग्रीक मुलाला शिकवायला घेतले. त्याला सूत्रे समजावताना असे लक्षात आले की निम्मी सूत्रे मलाही नीट समजलेली नव्हती.

२५ ऑक्टोबरला युरोपातली घड्याळे मागे गेली आणि रेड पुन्हा मध्यरात्रीवर आली. डिसेंबरच्या सुरुवातीला नॅक्सरामस ही नवी रेड उघडली, तेव्हा मी ऑफिसर नव्हतो. पहिल्या बुधवारी नावे जाहीर झाली, त्यात माझे नाव नव्हते. उन्हाळ्यात परत आलेल्या पोर्तुगीज बाई मात्र आत होत्या. मी नदीकाठी गळ टाकून बसलो. शेजारी कोल्हापूरकराचे दुय्यम पात्रही मासे पकडत होते आणि तो आईने कुरियरने पाठवलेल्या तांबड्या रश्श्याच्या मसाल्याचे वर्णन करत होता. पावणेएकला चॅटमध्ये एक अक्षर उमटले. ग्रीक मुलाने ‘ळ’ कुठूनतरी शोधून कॉपी केला होता.