सिंगापूरच्या चांगी विमानतळावर दहा-अकरा तास थांबायचं असेल तर आधी हे वाचा

ज्यांची मुलं ऑस्ट्रेलियात आहेत आणि जे पहिल्यांदाच सिंगापूरमार्गे जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे. निघायच्या आधी प्रत्येकाला कोणी ना कोणी तेच सांगतं, "सिंगापूरला दहा तास आहेत? मग काय, तो मोठा धबधबा विमानतळातच आहे की!" आम्हालाही तिकीट काढून देणाऱ्या एजंटने सांगितलं, भिशीतल्या मैत्रिणीने सांगितलं, ह्यांच्या मावसभावाने तर फोटोच पाठवले.

धबधबा विमानतळाच्या आवारात आहे हे खरं, पण तो इमिग्रेशनच्या पलीकडे आहे. विमान बदलणारा माणूस इमिग्रेशनच्या अलीकडे असतो. एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर आमचा जातानाचा अख्खा दिवस वाया गेला नसता.

मुंबईहून रात्रीचं विमान, सकाळी पावणेआठला चांगीला उतरलो. मेलबर्नचं विमान संध्याकाळी सातनंतर. चांगीत गोंधळ का होतो ते सांगते. इथे उतरणारे आणि चढणारे प्रवासी एकाच मजल्यावर, एकाच गर्दीत मिसळतात. विमानातून बाहेर पडलं की समोर थेट दुकानं, गालिचे, ऑर्किडच्या कुंड्या. इमिग्रेशन कुठे लागतच नाही. त्यामुळे आपण आधीच बाहेर आलोय असं वाटतं आणि माणूस पाट्या बघत चालायला लागतो. 'ज्वेल' अशी पाटी दिसते (धबधबा ज्या इमारतीत आहे तिचं हे नाव), बाणही दिसतो. त्या बाणामागे आम्ही टर्मिनल तीनवरून एकला गेलो, एकवरून दोनला, परत तीनला. हातात दोन केबिन बॅगा, माझ्या खांद्यावर लाडू-चिवड्याची पिशवी. रात्रभर झोप नाही. साडेअकरा वाजता चौकशीच्या काउंटरवर एका मुलीने नकाशावर बोट ठेवून शांतपणे सांगितलं, "अंकल, हे बाहेर आहे. व्हिसा आहे का?"

ऑस्ट्रेलियाचा होता, सिंगापूरचा नव्हता. आम्ही तोंड पाडून मागे वळलो. संध्याकाळी चार वाजता मुलीशी व्हॉट्सअॅपवर बोलताना कळलं, की ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर आम्हाला बाहेर जाता आलं असतं! पण तोवर ह्यांचे पाय सुजले होते आणि उरलेल्या वेळात धाडस करायची माझी हिंमत नव्हती.

म्हणून आता नीट सांगते. भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. पण तुम्ही तिसऱ्या देशात जाताना किंवा तिथून परतताना वाटेत थांबत असाल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय बाहेर पडायची एक सवलत आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एका देशाचा वैध व्हिसा लागतो आणि त्याची मुदत किमान महिनाभर शिल्लक हवी. पुढचं तिकीट हातात हवं. शेवटचा शब्द इमिग्रेशन अधिकाऱ्याचा, हेही लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, ईमेलने पत्र येतं. ते पत्र कागदावर छापून न्या. फोनची बॅटरी संपली आणि पत्र फोनमध्येच राहिलं, असं होऊ देऊ नका. आपल्याकडची बरीचशी आई-वडील मंडळी ऑस्ट्रेलियाला किंवा अमेरिकेलाच जातात, म्हणजे ही सवलत आपल्याच कामाची आहे. आमच्या एजंटला ती माहीत नव्हती.

दुसरी गोष्ट अरायव्हल कार्डची, म्हणजे सिंगापूरमध्ये शिरण्याआधी भरायच्या फॉर्मची. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने ते ऑनलाइन भरायचं असतं, पोहोचायच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत. ते संपूर्ण मोफत आहे. परतीच्या आधी मी मेलबर्नला रात्री बसून ते शोधलं, सगळ्यात वर जी साइट आली ती उघडली, झेंडा-बिंडा सगळं सरकारी दिसत होतं, आणि दोघांचे मिळून साडेसहा हजार रुपये भरून मोकळी झाले. सकाळी जावई म्हणाला, "आई, याला पैसे लागत नाहीत." पैसे परत मिळाले नाहीत. साडेसहा हजारांत आमचा सिंगापूरचा दिवस दोनदा झाला असता. तेव्हा पत्ता तपासा. सिंगापूर इमिग्रेशनच्या खात्याची साइट आयसीए नावाने आहे आणि तिचा पत्ता सरकारी असतो, शेवट डॉट जीओव्ही डॉट एसजी असा. जिथे कार्डचा नंबर मागतात ते पान तिथल्या तिथे बंद करा.

मेलबर्नच्या अडीच महिन्यांबद्दल इथे लिहीत नाही, नातवाबरोबर ते कसे गेले कळलंही नाही.

परतताना पहाटे साडेपाचला चांगीला उतरलो, मुंबईचं विमान संध्याकाळी. या वेळी मुंबईचा बोर्डिंग पास मेलबर्नलाच घेतला होता आणि मोठ्या बॅगा थेट मुंबईपर्यंत लावल्या होत्या. काउंटरवर बॅगेला लावलेल्या पट्टीवर शेवटचं नाव मुंबईचं आहे ना, हे स्वतः वाचून घ्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. बॅग सिंगापूरलाच बाहेर आली तर ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडावंच लागतं आणि मग व्हिसाचा प्रश्न हौसेचा राहत नाही. केबिन बॅगा आम्ही लगेज ठेवायच्या काउंटरवर दिल्या. आकाराप्रमाणे पैसे घेतात, पण द्याच. जाताना त्या बॅगा ओढून माझा उजवा खांदा आठवडाभर दुखत होता.

इमिग्रेशनला वीस मिनिटं लागली. अधिकाऱ्याने ऑस्ट्रेलियाचं पत्र वाचलं, पुढचं तिकीट बघितलं, बस्स.

आता दुसरा धक्का. बाहेर पडल्या पडल्या आम्ही धावत धबधब्याकडे निघालो होतो, पण तो सकाळी सुरूच नसतो. सोमवार ते गुरुवार अकराला आणि शुक्रवार ते रविवार दहाला पाणी सोडतात. पहाटे उतरणाऱ्यांनी धबधबा शेवटी ठेवावा. आम्ही आधी शहरात गेलो आणि तेच बरोबर ठरलं.

मेट्रोचं स्टेशन टर्मिनल दोन आणि तीनच्या मध्ये जमिनीखाली आहे. एक स्टेशन गेलं की एक्स्पोला उतरायचं आणि निळ्या डाउनटाउन लाइनवर बसायचं. तिथून थेट लिटल इंडिया, तेवीस स्टेशनं. दारातून दारात तास धरा. भाडं माणशी दोन-अडीच सिंगापूर डॉलर. टॅक्सीला याच्या दहापट जाईल, शिवाय विमानतळाचा अधिभार वेगळा, त्यामुळे दोघंच असाल तर टॅक्सी करू नका. तिकीट काढावं लागत नाही, परदेशी वापराचं क्रेडिट कार्ड गेटला टेकवलं की झालं. पण एका कार्डावर एकच माणूस जातो. आमच्याकडे चालणारं एकच कार्ड होतं, म्हणून मी गेटच्या पलीकडे आणि हे अलीकडे अशी दहा मिनिटं गेली. दोघांकडे वेगळी कार्डं ठेवा. परदेशी कार्डाला दिवसाला साठ सेंट जादा लागतात, तेवढे लागू देत.

गाडीत ह्यांनी सवयीने पाण्याची बाटली उघडली. शेजारच्या चिनी आजींनी त्यांच्या मनगटावर हलकेच हात ठेवला आणि दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. मेट्रोत खायला-प्यायला बंदी आहे, दंड पाचशे डॉलरपर्यंत. पाणीसुद्धा नाही. औषधाची गोळी घ्यायची असेल तर गाडीत चढायच्या आधी घ्या. आणि ज्यांना मिश्री, तंबाखू, गुटखा लागतो त्यांनी तो घरीच ठेवून निघावं. खायचा तंबाखू सिंगापूरमध्ये नेताच येत नाही, च्युइंग गमसुद्धा नाही.

लिटल इंडिया स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच टेक्का सेंटर. खाली खाण्याच्या गाळ्यांची रांग आणि भाजी-मासळीचा बाजार, बाजूच्या बफेलो रोडवर हारवाल्यांची दुकानं. पलीकडच्या रस्त्याचं नाव कर्बाऊ रोड, म्हणजे मलय भाषेत पुन्हा म्हैसच. एके काळी या भागात गुराढोरांचा धंदा होता, त्याची ही खूण.

सकाळी आठला टेक्कात जे खाल्लं त्यासाठी मी पुन्हा सिंगापूरला थांबेन. पुटू मायम नावाचा पदार्थ मागा. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि बाजूला ताडगुळाची पूड. माझं माहेर मालवणचं. पानावरची ती पांढरी गुंडाळी बघितली आणि आईच्या हातचे शिरवाळे आठवले. आपल्याकडे गोड नारळाच्या रसात बुडवतात, इथे कोरडंच खातात, पण बोटांना लागणारा मऊपणा तोच. दोन प्लेटी मी एकटीने खाल्ल्या. ह्यांनी पराठ्यासारखा प्राटा घेतला. शाकाहारी लोकांनी प्राट्याबरोबर "फक्त डाळ" असं ठासून सांगा, नाहीतर माशाची करी ओतून देतात. चहा हवा तर तेह तारिक, आलं घातलेला हवा तर तेह हालिया. बऱ्याच गाळ्यांवर रोखच चालतं, म्हणून वीस-तीस डॉलर जवळ ठेवा. बसून, पंख्याखाली, ताटात वाढून इडली-डोसा हवा असेल तर सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं शुद्ध शाकाहारी. आमच्या पोटात जागाच उरली नव्हती.

त्याच रस्त्याने दहा मिनिटं चाललं की वीरमाकालीअम्मन मंदिर. दुपारी बंद असतं, त्यामुळे सकाळीच जा. उन्हाचा घाम मालवणच्या मे महिन्यासारखा, सुती कपडे घाला आणि छत्री ठेवा. अकरापर्यंत आम्ही परतीच्या मेट्रोत होतो. गार्डन्स बाय द बे, मरीना, सगळं त्याच दिवशी करा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. रात्रभर विमानात बसून आलेल्या माणसाने ते करू नये. जेवढं केलं तेवढ्यानेच माझे पाय भरून आले होते.

मग ज्वेल. स्टेशनवरून टर्मिनल दोन किंवा तीनच्या पुलाने चालत जाता येतं. चाळीस मीटर वरून, काचेच्या छताला ठेवलेल्या गोल भोकातून पाणी पडतं, आणि भोवती मजल्यामजल्यांनी झाडं. मी जाताना जे तास त्याला शोधत फिरले होते ते सगळं तिथे उभं राहिल्यावर डोळ्यांत आलं. वरूनच बघून परत फिरू नका, तळघराच्या दुसऱ्या मजल्यावर उतरा. तेच पाणी तिथे एका प्रचंड पारदर्शक नळकांड्यातून खाली येतं आणि तुम्ही अगदी त्याच्या भिंतीला टेकून बसू शकता. लहान मुलं काचेला हात लावून पाण्याबरोबर बोटं खाली ओढत होती. आम्ही तिथे पाऊण तास बसलो. यातल्या कशालाच तिकीट नाही. वरच्या मजल्यावरच्या बागेला आहे, ते काढू नका, गरज नाही.

ज्वेलमध्ये जेवताना मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं आहेत का बघा. त्यांचा अर्थ दहा टक्के सेवाशुल्क आणि त्यावर नऊ टक्के कर. आम्ही १२.९० डॉलरचा भात मागवला आणि बिल आलं १५.४७. टेक्कात तेवढ्या पैशांत दोघांचं पोट भरून चहा झाला होता. बरेच जण काया टोस्ट खा म्हणतात. काया म्हणजे नारळाच्या दुधाचा मुरंबा, पण त्यात अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

ज्यांच्याकडे वर सांगितलेल्या देशांचा व्हिसा नाही, त्यांनी आतच राहावं आणि मनाला लावून घेऊ नये. टर्मिनल दोन आणि तीनमध्ये धावणारी स्कायट्रेन ज्वेलच्या पोटातून जाते, त्यातून धबधबा क्षणभर दिसतो. आम्ही जाताना तो तसाच बघितला. दिवसा, पाणी सुरू असताना बसा आणि खिडकीशी उभे राहा. टर्मिनल तीनमध्ये फुलपाखरांची बाग आहे, मोफत आणि खरोखर सुंदर, आणि फुकट सिनेमागृहही आहे. आडवं व्हायच्या खुर्च्या सकाळी नऊनंतर रिकाम्या मिळत नाहीत, म्हणून उतरल्याबरोबर आधी त्या धरा. एसी फार गार असतो, शाल केबिन बॅगेत हवी. विमानतळाची मोफत शहरफेरीही आहे, अडीच तासांची, साडेपाच ते चोवीस तास थांबणाऱ्यांसाठी, पण तिलाही बाहेर पडायची परवानगी आणि अरायव्हल कार्ड लागतंच. फेरी फुकट आहे म्हणजे व्हिसा लागत नाही, असं समजून त्या काउंटरपुढे उभी राहिलेली दोन कुटुंबं मी जाताना बघितली.

हातात पाच तास असतील तर फक्त ज्वेल. आठच्या पुढे असतील तरच शहर. विमानाच्या अडीच तास आधी आत या. टर्मिनल एक, दोन, तीनमध्ये सुरक्षा तपासणी थेट गेटवर होते, त्यामुळे आत भरलेली पाण्याची बाटली तिथे ओतून द्यावी लागते. गेटच्या आत गेल्यावर परत बाहेर येणं त्रासाचं, तेव्हा पाणी पिऊन, बाथरूमला जाऊन, गोळ्या घेऊन मगच रांगेला लागा.