नरक्या

"घाण मारता म्हणान आधी ह्या झाडाक कोण हात लावी नाय होतो. तुमी औषध शोधल्यात, आणि झाडां गेली."

आंबोलीच्या उतारावर मी नरक्याची पानं कागदी पाकिटात भरत होते, तेव्हा वाट दाखवायला आलेले काका सहज बोलून गेले. माझी कात्री हातातच राहिली.

याच झाडात कॅम्प्टोथेसिन असतं, कॅन्सरवरच्या टोपोटेकन-इरिनोटेकन या औषधांचा कच्चा माल. १९६६ साली ज्या दोघांनी ते मूळ चीनच्या एका दुसऱ्याच झाडातून पहिल्यांदा वेगळं काढलं त्यांच्यापैकी मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे! एरवी हे मी छाती फुगवून सांगते.

आज नाही सांगितलं. समोर बुंध्यातून तोडलेलं खोड होतं, त्याला बोटभर चार कोंब फुटलेले.

"ह्येची पण पानां व्हयी?" काकांनी विचारलं.