सिंहगडाच्या दोन उतारांवर: उपग्रहाच्या नोंदींची प्रत्यक्ष पडताळणी

पुण्यात संगणकासमोर बसून सह्याद्रीच्या हिरवाईचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या वेळी प्रत्यक्ष उतारावर उभे राहून पाहावे, या आग्रहापोटी हा वृत्तांत लिहीत आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहमालिकेतील प्रतिमा २००८ पासून विनामूल्य मिळतात, युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या प्रतिमाही तशाच मिळतात, आणि त्यांतून एखाद्या डोंगराचा हरितनिर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, काढणे आता महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही सहज जमते. अवघड आहे ते पुढचे काम. तो आकडा वर-खाली झाला, तर तो तापमानामुळे झाला की पाण्यामुळे, वणव्यामुळे की नुसत्या सूर्याच्या कोनामुळे, हे पडद्यावर दिसत नाही. ते पाहण्यासाठी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास असलेल्या एका मित्राबरोबर मी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सिंहगडावर गेलो.

सिंहगड निवडण्यामागे कारण होते. पुण्याच्या नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या या गडाचा माथा समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या थोडा वर आहे, आणि आतकरवाडीतून पायवाटेने चढताना आपण साधारण ६०० मीटर उंची गाठतो. हवेचे तापमान दर हजार मीटरला सरासरी ६.५ अंशांनी उतरते, असे धरले तर पायथा आणि माथा यांच्यात सुमारे चार अंशांचा फरक पडतो. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत हा दर ९.८ अंशांच्या जवळ जाऊ शकतो, त्यामुळे दुपारी फरक आणखी वाढतो. येत्या काळात तापमान वाढल्यावर झाडे काय करतील, याचा अंदाज बांधण्यासाठी जगभरचे अभ्यासक डोंगराच्या उंचीचा असा उपयोग करतात. आजचा पायथा हा उद्याच्या माथ्याचा नमुना मानला जातो. ही कल्पना आकर्षक आहे. सह्याद्रीत ती कितपत लागू पडते, हाच आमचा प्रश्न होता.

तारीख ठरवताना सेंटिनेल-२ च्या फेरीचे वेळापत्रक आधी पाहावे. या मालिकेतले दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात. विषुववृत्त ओलांडण्याची त्यांची स्थानिक सौरवेळ साडेदहाची असते. पुण्याची सौरवेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटे मागे असल्याने आपल्या घड्याळात ती अकरा वाजून गेल्यावर येते. म्हणून सकाळी साडेदहाच्या आधी माथ्यावर पोहोचून साडेअकरापर्यंत नोंदी घ्याव्यात. महिन्याची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे सह्याद्रीची स्वच्छ प्रतिमा क्वचितच हाती लागते. एप्रिलच्या सुरुवातीला आकाश निरभ्र असते, पानगळ जवळजवळ संपलेली असते, वळवाच्या सरी यायच्या असतात आणि काही झाडांना नवी पालवी फुटू लागलेली असते. तापमानाची खूण पावसाच्या खुणेपासून थोडी तरी वेगळी काढता येईल, असे वर्षातले आठवडे थोडेच असतात, आणि त्यांतले बरेचसे एप्रिलच्या सुरुवातीलाच येतात.

स्वारगेटहून सिंहगड पायथ्याला पीएमपीची बस मिळते. पहाटेची बस धरावी, आणि शक्य असेल तर रविवार टाळावा, कारण रविवारी पायवाटेवर इतकी गर्दी असते की एका जागी थांबून शांतपणे मोजमाप घेणे कठीण होते.

आतकरवाडीच्या वेशीजवळच पहिला धडा मिळाला. तिथल्या एका आंब्याचा अर्धा विस्तार जुन्या गडद पानांचा होता आणि अर्धा तांबूस, लवलवत्या कोवळ्या पालवीचा. हरितनिर्देशांक हा जवळच्या अवरक्त किरणांचे परावर्तन आणि लाल किरणांचे परावर्तन यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून काढतात. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, म्हणून हिरव्या पानाचा निर्देशांक वर जातो. कोवळ्या तांबूस पानात हरितद्रव्य अजून पुरते तयार झालेले नसते. झाड पालवीने भरलेले असूनही निर्देशांक मात्र बेताचाच राहतो आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, पाने हिरवी होताना, चढतो. पालवी फुटण्याचा दिवस आणि निर्देशांक चढण्याचा दिवस एकच आहे असे मानून तापमानाशी सांगड घातली, तर उत्तर तितक्याने चुकते. आम्ही त्या झाडाचे अक्षांश-रेखांश टिपले, चारही बाजूंनी छायाचित्रे घेतली आणि पानांच्या अवस्थेची नोंद केली. पुढे जाणाऱ्यांनीही हेच करावे. फोनमधील स्थाननोंदीत मोकळ्यावरही काही मीटरांची चूक राहते आणि दाट झाडाखाली ती वाढते, त्यामुळे सेंटिनेल-२ च्या प्रतिमेतील १० मीटरच्या चौकोनासाठी, म्हणजे पिक्सेलसाठी, नोंद घेताना एकाच प्रकारच्या झाडीचा किमान ३० मीटर रुंद पट्टा शोधावा आणि त्याच्या मध्यभागी उभे राहावे.

अर्ध्या चढावर ताक विकणाऱ्या मावशींकडे थांबलो. समोरच्या काळ्या पडलेल्या गवताकडे बोट दाखवून मी विचारले, "मावशी, हे कधी जळालं?" त्या म्हणाल्या, "शिमग्याच्या आधीच की. वरनं खाली आलं वणवं, दोन दिस धुमसत हुतं." ही माहिती आमच्या दृष्टीने मोलाची होती. मार्चच्या प्रतिमेत याच भागाचा निर्देशांक एकाएकी घसरलेला दिसतो, आणि जमिनीवरची हकिकत माहीत नसेल तर ती घसरण उन्हाच्या तडाख्याच्या खात्यावर जमा होईल. उताराची गेल्या काही महिन्यांची हकिकत तिथे रोज वावरणाऱ्या माणसांइतकी कोणालाच ठाऊक नसते. त्यांच्याशी बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा.

माथ्यावर अकराच्या सुमारास हातातल्या अवरक्त तापमापकाने पृष्ठभागाचे आणि सावलीत टांगलेल्या साध्या तापमापकाने हवेचे तापमान घेतले. हवा ३० अंशांच्या आसपास होती. उघडा कातळ ४५ अंशांच्या वर गेला होता, वाळलेले गवत त्याच्या थोडेच खाली होते, आणि तिथून चार पावलांवर असलेल्या करवंदीच्या हिरव्या जाळीचे तापमान हवेपेक्षा एखाद्या अंशानेच जास्त भरले. पानांतून बाष्प बाहेर पडते आणि पान थंड राहते. झाडाला पाणी मिळेनासे झाले की पर्णरंध्रे मिटतात आणि पान तापू लागते. उपग्रह जे मोजतो ते या पृष्ठभागाचे तापमान असते, हवेचे नव्हे. म्हणून "जिथे तापमान जास्त तिथे हिरवाई कमी" असा आलेख काढून उष्णतेने झाडे सुकली असा निष्कर्ष काढणे म्हणजे कार्याला कारण ठरवणे होय. कित्येकदा झाडी विरळ झाल्यामुळेच तो पृष्ठभाग तापलेला असतो. हे मी अनेकदा वाचले होते, पण चार पावलांच्या अंतरावर पंधरा अंशांचा फरक तापमापकावर पाहिला, तेव्हा त्याची खरी जाणीव झाली.

शिवाय लँडसॅट ८ आणि ९ वरील औष्णिक संवेदकाचा मूळ चौकोन १०० मीटरचा आहे. प्रतिमा ३० मीटरच्या चौकोनांत मिळते, ती केवळ पुनर्रचना केलेली असते. त्या एका हेक्टरात कातळ, गवत आणि करवंदी यांची सरळ सरासरी होते. टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरील मोडिस या संवेदकाचा तापमानाचा चौकोन तर एक किलोमीटरचा असतो, आणि सिंहगडावर तेवढ्या अंतरात कडा, माथा आणि दरी एकत्र येतात. मोडिसचा उपयोग संपूर्ण डोंगररांगेची वीस-पंचवीस वर्षांची वाटचाल पाहण्यासाठी करावा. एका उतारासाठी करू नये.

उतरताना आम्ही मुद्दाम दक्षिणेकडील कल्याण दरवाज्याची वाट धरली, कारण उत्तर आणि दक्षिण उतारांची तुलना हा या फेरीचा मुख्य हेतू होता. फरक ठळक होता. आतकरवाडीच्या बाजूला ओघळींतून बरीच झाडे पानांसह उभी होती. कल्याणच्या बाजूला त्याच उंचीवर कारवीच्या निष्पर्ण काड्या आणि पिवळे गवत यांचेच राज्य होते. हा फरक त्या दिवशीच्या उन्हाचा मानावा, तर हिशेब जुळत नाही. पुण्यात १३ मेच्या सुमारास मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. एप्रिलमध्येही तो इतका वर असतो की दक्षिण आणि उत्तर उतारांना मिळणाऱ्या उन्हात फारसे अंतर उरत नाही, आणि सकाळी अकराला तर पूर्वेकडील उतारच अधिक तापलेले दिसतात. दक्षिण उतार जास्त तापतात ते डिसेंबर-जानेवारीत, सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना. त्या महिन्यांत तिथल्या मातीतली ओल आधी उडून जाते आणि पानगळ लवकर होते. एप्रिलच्या प्रतिमेत दिसणारा फरक ही हिवाळ्यातल्या उन्हाची शिल्लक आहे, असे माझे मत झाले आहे. मातीची खोली आणि वणवे यांचा वाटा त्यात किती, हे वेगळे पाहावे लागेल.

हिमालय किंवा आल्प्स यांच्या अभ्यासांचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे आणू नयेत, ते याच कारणाने. एव्हरेस्टच्या परिसरासह हिंदुकुश-हिमालयात ४,१५० ते ६,००० मीटर उंचीवर १९९३ ते २०१८ या काळात वनस्पतींचे आच्छादन वाढल्याचे लँडसॅटच्या प्रतिमांवरून दिसून आले, आणि आल्प्समध्ये वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्यापलीकडे झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या, वरचा ७७ टक्के भाग १९८४ पासून अधिक हिरवा झाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तिथे वाढीला मुख्यतः थंडी अडवते, म्हणून ऊब वाढली की हिरवाई वाढते. सह्याद्रीत पाण्याची अडवणूक मोठी आहे. उष्णतेचा परिणाम इथे बहुतांशी पाण्याच्या मार्गाने होतो, आणि तो वाचायचा तर एकाच उंचीच्या, एकाच प्रकारच्या झाडीच्या, पण वेगवेगळ्या दिशांच्या उतारांच्या जोड्या निवडाव्या लागतात.

प्रतिमा हाताळताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. सेंटिनेल-२ च्या जानेवारी २०२२ नंतरच्या प्रतिमांमध्ये प्रत्येक मूल्यात १,००० मिळवलेले असतात. ते वजा न करता जुन्या-नव्या प्रतिमा जोडल्या, तर सगळा सह्याद्री त्या महिन्यात एकदम सुकल्यासारखा दिसेल. आणि टेराची कक्षा २०२० नंतर राखली जात नसल्याने त्याची फेरी हळूहळू सकाळी लवकर होत गेली आहे. त्याच्या अलीकडच्या दिवसाच्या तापमानात दिसणारी घट थंडावा म्हणून वाचू नये. वेताळ टेकडीसारख्या शहरालगतच्या टेकड्या तुलनेला घ्यायच्या असतील, तर तिथली गिरिपुष्पाची लागवड आधी नकाशावर आखून वेगळी काढावी, कारण तिच्या पानगळीचे वेळापत्रक स्थानिक झाडांहून निराळे आहे.

कल्याण दरवाज्याची वाट काही ठिकाणी मुरमाड आणि घसाऱ्याची आहे. चांगल्या पकडीचे बूट घालावेत आणि प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी न्यावे, कारण दुपारी या बाजूला सावली जवळजवळ नाही. कल्याण गावातून परतीची वाहने कमी मिळतात, ती सोय आधी करून ठेवावी. तापमानाची सलग नोंद करणारी छोटी यंत्रे उतारावर ठेवायची असतील, तर वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. झाडांची ओळख पटत नसेल तर नमुना तोडू नये; पान, साल आणि फळ यांची स्वच्छ छायाचित्रे घेऊन कोरेगाव पार्क येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातील जाणकारांना दाखवावीत. पावसाची जाळीबद्ध आकडेवारी पुणे वेधशाळेकडून विनामूल्य मिळते. तिचा चौकोन अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाचा असल्याने एका उतारासाठी ती ढोबळ आहे, पण आदल्या वर्षी पाऊस कधी थांबला हे कळायला पुरेशी आहे, आणि पानगळीचा अर्थ लावताना तीच तारीख सर्वांत आधी लागते. आम्ही निवडलेल्या उतारांच्या जोड्यांवर आता डिसेंबरच्या अखेरीस, दक्षिण उतार उत्तर उताराच्या तुलनेत सर्वाधिक तापलेला असताना, हीच मोजमापे पुन्हा घेणार आहोत. उत्तर उतारावर त्या दिवसांत सावल्या लांब पडतात आणि प्रतिमेतील मूल्ये त्यांच्यामुळे खाली ओढली जातात, म्हणून त्या वेळी सावलीतले चौकोन हाताने वगळावे लागतील.