पोटकोपिनूची वाट: पाऊस पडून गेला असेल तर जाऊ नका

"अरे, मिसिसिपीत डोंगर कुठले? सपाट तीन मैल आहेत, नाश्त्याआधी उरकून येशील." ह्यूस्टनमधल्या मित्राच्या या बोलण्यावर विसंबून मी मार्चअखेरीस निघालो आणि पाच किलोमीटरच्या वाटेला साडेचार तास लागले. राजमाची, हरिश्चंद्रगड, नाणेघाट पायाखालून घातलेल्या माणसाला लागले. त्यामुळे आधी या वाटेबद्दलच लिहितो.

मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावापासून टेनेसीतल्या नॅशव्हिलजवळपर्यंत 444 मैलांचा नॅचेझ ट्रेस पार्कवे हा रस्ता जातो. त्याच्या आजूबाजूने नॅचेझ ट्रेस या मूळ पायवाटेचे तुकडे शिल्लक आहेत आणि खोल गेलेला सर्वांत लांब सलग तुकडा म्हणजे पोटकोपिनू, साधारण 17 ते 20 मैलाच्या दगडांदरम्यान. इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे नॅचेझ लोकांच्या भाषेत पोटकोपिनू म्हणजे छोटी दरी. दरी म्हणायचं कारण आत शिरल्यावर कळतं. दोन्ही बाजूंना मातीच्या उभ्या भिंती, काही ठिकाणी 20 फुटांहून उंच. झाडांची मुळं भिंतीतून बाहेर आलेली, वर फांद्यांचं छत, खाली ओला अंधार.

ही माती लोएस. हिमयुगात नदीच्या खोऱ्यातला बारीक गाळ वाऱ्याने उडून पूर्वेकडच्या कड्यावर साचला, तो हा. कोरडी असली तर ती भिंतीसारखी ताठ उभी राहते. बोटाने खरवडलं तर मैद्यासारखी भुकटी हाताला लागते. पण पाणी लागलं की तिचं लोणी होतं. म्हणून पाय, खुर आणि चाकं जातील तशी वाट खचत गेली, पावसाने उरलेलं वाहून नेलं. आपल्या घाटवाटांचा काळा कातळ निसरडा असला तरी पायाला काहीतरी टणक देतो. इथे तसं काही नाही. आदल्या दोन दिवसांच्या पावसाने तळाला घोट्याच्या वर चिखल होता, दोनदा बूट आतच राहिला आणि ओढून काढावा लागला. मध्ये ओढे लागतात आणि त्यांचे काठ उतरताना हाताने धरलेलं ढेकूळ हातात येतं. त्यातच तीन ठिकाणी आडवी पडलेली झाडं. वरून वळसा घ्यायला गेलो तर पॉयझन आयव्ही. तीन पानांचा वेल दिसला की हात लावायचा नाही, आठवडाभर खाज जात नाही.

तेव्हा सलग तीन-चार कोरडे दिवस गेल्याशिवाय या वाटेला लागू नका. काठी घ्याच. पूर्ण पँट, तिची टोकं मोज्यात खोचलेली, आणि परतल्यावर अंगावर गोचिडी शोधायच्या. मला दोन सापडल्या. बुटांची नक्षी खोल हवी, झिजलेले चालणार नाहीत.

वाट एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपते, हे नीट लक्षात घ्या. माझी गाडी सुरुवातीला राहिली. चिखलाने माखून दुसऱ्या टोकाला पोचलो, तिथून एका खाजगी गाडीवाल्याने तीन मैलांचे 60 डॉलर घेतले. दमलेला माणूस घासाघीस करत नाही, हे त्याला ठाऊक होतं. दोन गाड्या असतील तर एकेक टोकाला लावा, नाहीतर आल्या वाटेने परत फिरा. पार्कवेवर प्रवेश फुकट, पण पेट्रोलपंप नाही, टाकी नॅचेझमध्येच भरा. वेगमर्यादा ताशी 50 मैल.

एवढं सोसूनही ही वाट चुकवू नका, असंच मी सांगेन. कारण तिचा इतिहास. एकेकाळी ओहायो खोऱ्यातले नावाडी पीठ, डुकराचं मांस, तंबाखू सपाट नावांवर लादून मिसिसिपी नदीतून खाली यायचे. प्रवाहाविरुद्ध नाव वर नेता येत नसे, म्हणून नॅचेझला किंवा न्यू ऑर्लीन्सला मालासकट नावेचं लाकूडही विकायचे आणि याच वाटेने घरी चालत जायचे. नॅशव्हिलपर्यंत साधारण 35 दिवस. 1811-12 च्या हिवाळ्यात 'न्यू ऑर्लीन्स' नावाची पहिली आगबोट नॅचेझला लागली आणि पुढच्या काही वर्षांत वाट ओस पडत गेली. पण वाट मुळात नावाड्यांची नव्हेच. तिच्यावर आधी चोक्टॉ, चिकसॉ आणि नॅचेझ या मूळ अमेरिकन जमाती चालत होत्या.

त्या नॅचेझ लोकांसाठी ग्रँड व्हिलेजला जा. सेंट कॅथरीन क्रीक या ओढ्याच्या काठी त्यांनी रचलेली मातीची तीन टेकाडं आहेत, प्रवेश फुकट. त्यांच्या मुख्याला 'महान सूर्य' म्हणत आणि वारसा आईच्या बाजूने चाले. फ्रेंचांनी 1716 मध्ये फोर्ट रोझाली बांधला. पुढे तिथल्या अधिकाऱ्याने त्यांच्या एका गावाची जमीनच मागितली, तेव्हा 1729 च्या नोव्हेंबरात नॅचेझांनी किल्ल्यावर हल्ला करून 200 हून अधिक फ्रेंचांना मारलं. दोन वर्षांत फ्रेंचांनी त्यांना मोडलं आणि पकडलेल्या शेकडो लोकांना कॅरिबियनमधल्या सेंट-डोमिंगला गुलाम म्हणून विकलं. गावाचं नाव राहिलं, लोक तिथे राहिले नाहीत.

एमराल्ड माउंड 10.3 मैलाच्या दगडाजवळ आहे. पायथा आठ एकर, उंची 35 फूट. इलिनॉयमधल्या कहोकियाच्या मंक्स माउंडनंतर देशात मूळ रहिवाशांनी रचलेल्या अशा टेकाडांतलं हे दुसरं मोठं. दमलेल्या पायांनीही वर चढा, अर्धा तास पुरतो.

शहरातल्या जुन्या हवेल्यांची फेरी मी एकच केली. तिकीट महाग, आणि तासभर चांदीच्या भांड्यांची वर्णनं. कापूस कोणी वेचला त्याबद्दल दोन वाक्यं. माझं मत: ते पैसे वाचवा आणि फोर्क्स ऑफ द रोडला जा.

गावाबाहेर दोन रस्ते मिळतात तिथली ही मोकळी जागा. न्यू ऑर्लीन्सनंतर खोल दक्षिणेतला हा सर्वांत मोठ्या गुलाम बाजारांपैकी एक. 1833 मध्ये गावाने रोगराईच्या भीतीने हा व्यापार हद्दीबाहेर ढकलला, तो इथे आला आणि 1863 मध्ये यादवी युद्धात उत्तरेचं युनियन सैन्य येईपर्यंत चालला. नावाडी ज्या वाटेने उत्तरेला घरी जायचे, त्याच वाटेने साखळीला बांधलेली माणसं दक्षिणेला चालवत आणली जात. जमिनीतल्या काँक्रीटमध्ये लोखंडी बेड्या बसवल्या आहेत, मनगटाच्या आणि घोट्याच्या. मी खाली बसून एकीवर हात ठेवला. उन्हाने तापलेली होती. त्याच सकाळच्या चिखलात दोन पायांनी चालताना मी किती वैतागलो होतो, ते आठवलं आणि उठायला वेळ लागला.

1817 मध्ये मिसिसिपी विसावं राज्य झालं, त्याची घटना जवळच्या वॉशिंग्टन नावाच्या खेड्यात लिहिली गेली. पार्कवेला लागताना वाटेत पडतं, तिथे वीस मिनिटं थांबा. बाकीचे दोन दिवस छान गेले, नदीवरचा सूर्यास्त वगैरे.

वाट सकाळी लवकर करा आणि फोर्क्स ऑफ द रोड त्याच दिवशी ठेवा, चिखलाचे बूट पायात असतानाच.