'केले' लिहू की 'केलं'?

इंदूरमध्ये मराठीत काहीही लिहायला बसलं, मंडळाची सूचना, स्मरणिकेतला लेख किंवा नातवंडांसाठी गोष्ट, की हा प्रश्न येतोच. 'काम केले' लिहायचं की 'काम केलं'? शुद्ध कुठलं? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

शुद्ध दोन्ही आहे. घरात जुनी पत्रं जपून ठेवलेली असतील तर त्यांत 'केलें', 'गेलें', 'त्यामुळें' अशी रूपं सापडतील, मात्राही आणि वर टिंबही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, आणि उच्चारात न येणारे असे अनुस्वार लेखनातून गेले. 'केलें'चं 'केले' झालं ते तेव्हा. बोलल्यासारखं लिहायचं असेल तिथे 'असं', 'केलं', 'म्हटलं' ही रूपं त्याच नियमांना चालतात. त्यामुळे 'केलं' लिहिणाऱ्याला अशुद्ध म्हणण्यात अर्थ नाही. निवड करायची ती वाचणाऱ्याकडे बघून.

'केले' वाचताना माणूस थोडा सावरून बसतो. अर्ज, ठराव, इतिवृत्त, निमंत्रणपत्रिका, निधनवार्ता इथे ते अंतर हवंच असतं. 'केलं' कानाशी येऊन बोलतं. पण गंमत अशी की नुसतं टिंब देऊन लेखन बोलकं होत नाही. ही सूचना बघा:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गणेशोत्सवानिमित्त मुलांच्या स्पर्धांचे आयोजन करण्यात आले आहे. सदर स्पर्धांकरिता नावे रविवारपर्यंत देण्यात यावीत."

यात 'आयोजन करण्यात आलं आहे' आणि 'नावं देण्यात यावीत' एवढाच बदल केला तर वाक्य ना इकडचं राहतं ना तिकडचं. 'सदर', 'करिता', 'कळविण्यात येते', 'तसेच', 'परंतु' ही मंडळी 'केले'च्या बिऱ्हाडातली आहेत. 'केलं' आणायचं तर त्यांनाही हलवावं लागतं. मग सूचना अशी होते: "गणपतीत मुलांच्या स्पर्धा आहेत. नावं रविवारपर्यंत द्या." आणि लगेच उघडं पडतं की नावं कोणाकडे द्यायची ते लिहिलेलंच नाही! ते पहिल्या सूचनेतही नव्हतं, पण 'देण्यात यावीत'च्या आड झाकलं गेलं होतं. करणारा आणि घेणारा दोघेही गायब करायची सोय त्या रचनेत आहे. म्हणून सूचना औपचारिक ठेवायची असली तरी आधी ती बोलीत लिहून बघावी, काय राहिलं ते कळतं, मग 'केले'त न्यावी.

आता आपल्याकडचा खास मुद्दा. हिंदीत लिंगं दोनच. शाळा हिंदीत, बाजार हिंदीत, त्यामुळे रामबागेत किंवा लोकमान्य नगरात वाढलेल्या मराठी मुलांच्या तोंडी पहिलं डळमळतं ते नपुंसकलिंग. 'काम हुआ' कानात असतं, म्हणून 'काम झाला', 'पत्र आला', 'दूध सांडला'. अशा वाचकासमोर 'केले' हे रूप फार मदत करत नाही, कारण ते दोन कामं करतं: 'काम केले' हे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'प्रयत्न केले' हे पुल्लिंगी अनेकवचन. डोळ्याला दोन्ही सारखीच. 'काम केलं' आणि 'प्रयत्न केले' असं लिहिलं की फरक पानावर दिसतो. पुणे-मुंबईच्या वाचकाला ही मदत लागत नसेल, इंदूरच्या तरुण वाचकाला लागते. मुलांसाठी आणि तरुणांसाठी लिहिताना माझं मत म्हणूनच 'केलं'कडे झुकतं.

आणि याच जागी सगळ्यात जास्त चुका होतात. 'केले'त लिहिलेला लेख बोलका करायचा म्हणून लोक संगणकावर एका झटक्यात सगळे 'ले' बदलून 'लं' करतात. मग 'त्यांनी खूप प्रयत्न केलं', 'लोक जमलं', 'गेलं दोन महिने' आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'आजोबा आलं' असं छापून येतं. पुरुषांसाठीचं आदरार्थी रूप पुल्लिंगी अनेकवचनी असतं. ते 'आले'च राहणार. सर म्हणाले, बाबा गेले, पाहुणे जेवले: यांना हात लावायचा नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. ज्या नामावर क्रियापद अवलंबून आहे ते एकवचनात म्हणून बघा. 'ते काम', 'ते पत्र', 'ते घर' असं आलं तर केलं, आलं, बांधलं. 'तो प्रयत्न', 'तो फोन', 'तो पाहुणा' असं आलं तर अनेकवचनात केले, आले. नपुंसकलिंगी अनेकवचनात नामावर टिंब येतं आणि क्रियापद 'ई'वर जातं: पुस्तकं आली, कामं झाली. 'पुस्तकं आलं' नाही आणि 'पुस्तकं आले'ही नाही. विशेषणांनाही हाच न्याय: 'सगळं घर' पण 'सगळे लोक', 'आलेलं पत्र' पण 'आलेले पाहुणे'. क्रियापदांची 'करणे', 'करावे' ही रूपं 'करणं', 'करावं' होतात. 'आहे' आणि 'ते' जसेच्या तसे.

'त्याने', 'तिने', 'त्यामुळे', 'तिथे' यांचं काय? 'त्यानं', 'तिनं', 'त्यामुळं', 'तिथं' ही रूपंही चालतात, पण ती घेतलीच पाहिजेत असं नाही. 'केलं' लिहून 'त्याने' ठेवलेलं वाचकाला खटकत नाही. या लेखातही तसंच आहे. सगळीकडे टिंबं दिली की ओळ ठिपक्यांनी भरते. मात्र एकाच परिच्छेदात 'तिथे' आणि 'तिथं' दोन्ही आले तर लक्ष तिथेच अडतं.

आणखी एक अडचण हिंदी शाळेतून येते. हिंदीत 'एवं', 'स्वयं' यांतला शेवटचा अनुस्वार 'म्'सारखा वाचतात, म्हणून मूल पहिल्यांदा मराठी वाचताना 'केलं'चं 'केलम्' करतं. मराठीत तिथे नाकातला आवाज नाही; शेवटचा 'अ' फक्त लांबतो. हे एकदा मोठ्याने वाचून दाखवलं की पुरतं. एवढ्यासाठी मुलांना 'केले'त लिहून देऊ नये, नाहीतर ती बोलतानाही 'मी काम केले' म्हणायला लागतात आणि ते फार पुस्तकी वाटतं.

'केलंय', 'आलोय', 'जायचंय' ही पुढची पायरी. संवादात ती हवीतच. 'मला जाणे आहे' या हिंदी वळणापेक्षा 'मला जायचंय' केव्हाही बरं. पण 'आलीयेस', 'म्हणालीयेस' अशी जोडून लिहिलेली रूपं कमी सवयीच्या डोळ्याला दोनदा वाचावी लागतात. तिथे 'आली आहेस' असं सुटं लिहावं.

सूत्रसंचालनाची संहिता मात्र नेहमी 'केलं'मध्येच लिहावी. कागदावर 'आयोजित केले आहे' असलं की माईकसमोर चांगला बोलणाराही ठराव वाचल्यासारखा बोलतो.

शेवटी छपाई. टिंब लहान असतं. नक्षीदार अक्षरांच्या लग्नपत्रिकेत ते वेलबुट्टीत हरवतं, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढली की 'केलं'चं 'केल' उरतं. मात्रा सहसा टिकते. भिंतीवर लावायच्या किंवा हातोहात फिरायच्या कागदावर म्हणून 'केले' सोयीचं, आणि 'केलं'च हवं असेल तर अक्षर साधं, जरा मोठं घ्यावं आणि छापायला देण्याआधी एक प्रत झेरॉक्स करून टिंबं दिसतात का ते बघावं. मुद्रितशोधनाला बसताना 'लं' आणि 'ले' यांच्यासाठी एक वेगळी फेरी ठेवावी, बाकीच्या चुका त्या फेरीत बघूच नयेत.