सांगलीहून मुंबई: जाताना महालक्ष्मी, येताना विमान

सांगलीहून मुंबईला दवाखान्याच्या कामाला जायचं असेल तर जाताना रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरा. विमानाची हौस किंवा गरज असेल तर ती परतीला ठेवा. आईला परळला तपासणीसाठी नेलं तेव्हापासून मी हे भेटेल त्याला सांगते आहे. त्या खेपेला विमानाच्या दोन तिकिटांचे पैसे परत मिळवताना जो मनस्ताप झाला तो अजून उतरलेला नाही. लिहायला बसले ती मुख्यतः त्यासाठीच.

आधी वेळेचा हिशेब. "विमान म्हणजे काय, तासाभरात मुंबई," असं जो तो म्हणतो. पण तो तास कोल्हापूरच्या धावपट्टीवरून सुरू होतो, विश्रामबागेतल्या आपल्या दारातून नाही. कवलापूरच्या जुन्या धावपट्टीच्या जागेवर विमानतळ व्हावा ही मागणी आपण किती वर्षं ऐकतोय. तो होईपर्यंत आपल्याला कोल्हापूरच्या विमानतळासाठी उजळाईवाडीच गाठायची. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले करत शिरोलीच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत दीड तास सहज जातो. चेक-इनचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे आपण दोन तास आधी पोचलेलं बरं. मुंबईत उतरल्यावर बॅगांची वाट बघा, टॅक्सी करा, मग परळपर्यंतचा रस्ता. दारापासून दारापर्यंत सहा तास धरून चाला. महालक्ष्मीला त्याहून जास्त लागतात हे खरं, पण ते रात्रीचे असतात. घरी जेवून निघायचं आणि सकाळी दादरला उतरायचं.

तरी आम्ही विमानच ठरवलं होतं, कारण आईची पाठ. रात्रभर गाडीचे हिसके तिला सोसवतील का, या काळजीनं भाऊही विमानाच्याच बाजूचा होता. मंगळवारी सकाळी दहाची वेळ मिळाली होती, म्हणून सोमवारी दुपारचं विमान घेऊन रात्री दादरला मावशीकडे मुक्काम करायचा बेत केला. तिकिटं एका बुकिंग संकेतस्थळावरून काढली, कार्डावर सवलत होती.

रविवारी दुपारी मेसेज आला की विमान रद्द. पर्याय म्हणून मंगळवारी दुपारचं विमान देऊ केलं होतं. तपासणी सकाळी दहाला, त्या विमानाचा आम्हाला काय उपयोग? तत्काळची वेळही टळून गेली होती. ते आदल्या दिवशी उघडतं, एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला. मग सोमवारी चार्ट लागायची वाट पाहिली. चार्ट लागल्यावर उरलेल्या बर्थची करंट बुकिंग सुरू होते, हे फार जणांना माहीत नसतं. त्यात थर्ड एसीचे दोन बर्थ मिळाले, एक खालचा आणि एक वरचा. आई कऱ्हाडच्या आधीच झोपली ती कल्याणला उठली. दादर, परळ, तपासणी, सगळं वेळेत झालं. पाठीनंही कुरकुर केली नाही, दोन चादरी खाली घातल्या होत्या. गाडीबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही घडलंच नाही, आणि मला तेच आवडलं.

आता पैशांचं.

विमान रद्द झालं याबद्दल माझी तक्रार नाही. हवा असते, बिघाड असतो, आणि बिघडलेल्या विमानात आईला बसवावं असं मला कधीच वाटणार नाही. मेसेजही चोवीस तासांच्या आधी आला होता. माझी तक्रार त्याच्या पुढच्या सगळ्या प्रकाराबद्दल आहे.

बुकिंगच्या ॲपमध्ये आमच्या तिकिटासमोर एकच बटण होतं, 'तिकीट रद्द करा'. त्यावर गेलं की कॅन्सलेशन चार्ज वजा करून उरणारी रक्कम दिसायची, आणि ती मूळ पैशांच्या निम्मीसुद्धा नव्हती. विमान त्यांच्याकडून रद्द झालं आणि चार्ज आम्ही भरायचा, हा कुठला न्याय? घरात सगळे म्हणाले, मिळतंय तेवढं घे आणि सोड. मी ते बटण दाबलं नाही, आणि पुढे सगळं त्यावरच तरलं. दाबलं असतं तर 'प्रवाशाने रद्द केले' अशी नोंद झाली असती आणि पूर्ण पैसे मागायला तोंडच राहिलं नसतं. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं नक्की लक्षात ठेवा. आधी विमान कंपनीची रद्द झाल्याची मेल शोधा, मेसेजचा स्क्रीनशॉट काढा, आणि त्या बटणापासून बोट लांब ठेवा.

मग फोन सुरू झाले. बुकिंगवाल्यांच्या हेल्पलाइनवर आधी यंत्र बोलतं. हे दाबा, ते दाबा झालं की गाणं लागतं, आणि बऱ्याच वेळानं माणूस येतो. तो म्हणाला, "विमान कंपनीकडून मंजुरी आलेली नाही, आली की पैसे मिळतील." विमान कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "मॅम, आमच्याकडून पैसे एजंटला गेले आहेत. तुमचं बुकिंग त्यांच्यामार्फत आहे, त्यांनाच विचारा." पुन्हा पहिल्यांना फोन. आता दुसराच माणूस, त्याला पीएनआर, नाव, तारीख, मोबाइल नंबर असं पहिल्यापासून सांगा. त्याचं उत्तर तेच, मंजुरी नाही. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि कोण ते कळायला मला काही मार्ग नव्हता. त्यात मध्येच मेसेज यायचा, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे'. निराकरण कसलं? पैसे आले नव्हते, कोणी बोललं नव्हतं, तक्रार मात्र बंद. पुन्हा नवी तक्रार, पुन्हा नवा नंबर. आई आतल्या खोलीतून विचारायची, "लागला का गं फोन?" तिच्यासाठी काढलेल्या तिकिटापायी एवढं चाललंय याचं तिलाच ओझं व्हायला लागलं, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

पुढे एके दिवशी पैसे आले, पण कार्डावर नाही, त्या ॲपच्या वॉलेटमध्ये. ठरावीक मुदतीत त्यांच्याकडूनच पुढचं तिकीट काढायचं, नाहीतर पैसे गेले. मला कोणी विचारलंही नव्हतं. आमच्या घरातून विमानानं जाणं होतं तरी किती!

त्या रात्री मी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, रिफंडचा नियम शोधून पूर्ण वाचला. इंग्रजीत आहे, पण अवघड नाही. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या. तिकीट एजंटकडून किंवा संकेतस्थळावरून काढलेलं असलं तरी पैसे परत करण्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा कंपनीनं नेमलेला प्रतिनिधी. मी अडकले तेव्हा त्यासाठी ३० कामकाजाच्या दिवसांची मुदत होती. दुसरी गोष्ट, रक्कम पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवायची की नाही हे प्रवाशानं ठरवायचं, कंपनीनं परस्पर ठरवायचं नाही. हे वाचल्यावर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इतके दिवस फोनवर मी विनवण्या करत होते. नियम हातात आल्यावर विनवण्या संपल्या.

दुसऱ्या दिवशी एकच मेल लिहिली आणि विमान कंपनी व बुकिंगवाले दोघांनाही एकत्र पाठवली, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा नको. मजकूर पाच-सहा ओळींचा. उड्डाणाची तारीख, पीएनआर, रद्द झाल्याची मेल सोबत जोडलेली, वॉलेटमधली रक्कम मला मान्य नाही, ज्या कार्डानं पैसे भरले त्याच कार्डावर पूर्ण रक्कम हवी, आणि नियमाचा उल्लेख. विमान कंपनीच्या बाजूनं ही मेल नोडल अधिकाऱ्याच्या, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, पत्त्यावर पाठवा. प्रत्येक कंपनीला तो पत्ता आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो, पण तो अगदी तळाशी असतो, चिकाटीनं शोधावा लागतो. त्याच दिवशी एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. ते केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं आहे, फुकट आहे आणि तक्रारीची स्थिती तिथं दिसते.

त्यानंतर फोन मला यायला लागले! आवाजही बदलले होते. वॉलेटमधली रक्कम काढून घेतली गेली आणि कार्डावर तिकिटांचे पैसे जमा झाले. बँकेचा मेसेज मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. फक्त कन्व्हिनियन्स फी त्यांनी ठेवून घेतली. ती परत मिळत नसते म्हणे. रक्कम किरकोळ आहे, पण कसली सोय केली म्हणून ती फी, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार दिली आहे.

याच्या शेजारी रेल्वे ठेवून बघा. गाडी रेल्वेनं रद्द केली तर ऑनलाइन तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप खात्यात येतात. चार्ट लागला आणि ऑनलाइन तिकीट वेटिंगवरच राहिलं, तर तेही आपोआप रद्द होतं. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही गेला नाहीत तरी पूर्ण पैसे मिळतात, मात्र त्यासाठी गाडी आपल्या स्टेशनवरून सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरावा लागतो. खिडकीवर काढलेलं तिकीट मात्र खिडकीवरच नेऊन द्यावं लागतं, त्यामुळे घरात मोबाइल चालवणारं कोणी असेल तर ऑनलाइनच काढा.

रेल्वेला काही होतच नाही असं मी म्हणणार नाही. जुलै २०१९ मध्ये हीच महालक्ष्मी वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवून आणावं लागलं होतं. पण पावसाळ्यात आपल्याकडून विमानतळ तरी कुठं गाठता येतो? २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं होतं. कृष्णा-पंचगंगा चढत असताना कोल्हापूरहून विमानाचं तिकीट काढूच नका.

परतीचं विमान मात्र ठरल्याप्रमाणे उडालं आणि ते मला मनापासून आवडलं. तपासणीनं थकलेली आई तासाभरात कोल्हापूरला उतरली. तिथली नवी टर्मिनल इमारत, जिचं उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झालं, प्रशस्त आहे आणि म्हाताऱ्या माणसाला फार चालावं लागत नाही. ते विमान रद्द झालं असतं तरी मावशीकडे एक रात्र जास्त राहिलो असतो, एवढंच. जाताना दवाखान्याची वेळ चुकली असती तर पुढची कधी मिळाली असती कोण जाणे.

व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी. विमान छोटं असेल तर शिडीच्या पायऱ्या असतात, त्याचंही आधीच विचारून ठेवा. आणि तिकिटावर मुंबईचं कोणतं विमानतळ लिहिलंय ते नीट बघा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. परळला जायचं आणि उतरलात उलव्याला, तर दिवस मोडेल.

खालच्या बर्थचंही राहिलंच. ४५ वर्षांवरच्या बायकांना आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तिकिटावर एकटं किंवा दोघंच असावं लागतं आणि दोघंही त्या वयाचे हवेत. आम्ही दोघी त्यात बसतो. तिकीट ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला काढलं तर हा कोटा मिळतो.

आईची पुढची तारीख आली आहे. महालक्ष्मीचे दोन्ही खालचे बर्थ काढून झाले. परतीचं विमान या वेळी थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढणार आहे, कार्डावर कितीही सवलत असली तरी.