आमची वाटचाल : प्रेसनोटकडून कॅमेऱ्यासमोर

सुरुवातीला आम्ही गिऱ्हाइकांना फक्त प्रेसनोट लिहून द्यायचो. नोट गेली की बातमीदाराचा फोन यायचा आणि गिऱ्हाइकाकडच्या साहेबांची भंबेरी उडायची. ‘तेवढं तुम्हीच बोला ना,’ हे इतक्यांदा ऐकलं की मुलाखतीची तयारी करून घेणं हाच आमचा मुख्य धंदा झाला. लिखाण आता नावापुरतं.

तालमीत आमच्यातलाच एकजण बातमीदार होतो. पहिलं उत्तर बहुतेकांचं बरं जातं. मग हा पठ्ठ्या पुढचं काही विचारतच नाही, नुसता वहीत बघत बसतो. चार-पाच सेकंदांत समोरच्याला राहवत नाही. ‘म्हणजे तसं बघायला गेलं तर...’ म्हणत तो नको ते बोलून मोकळा होतो. उत्तर संपलं की तोंड मिटायचं, हे सांगून पटत नाही. रेकॉर्डिंग दाखवलं की लगेच पटतं.

दुसरी खोड प्रश्नातला वाईट शब्द स्वतःच्या तोंडी घेण्याची. १९७३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन ‘मी लबाड नाही’ म्हणाले आणि लोकांच्या लक्षात ‘लबाड’च राहिलं. जास्तीचं एक वाक्य किती महागात पडतं, यासाठी २०१० च्या मेक्सिको आखातातल्या तेलगळतीचं उदाहरण तर आम्ही दर वेळी देतो. तेलविहिरीवरच्या स्फोटात ११ कामगार गेले होते. बीपी या तेलकंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोनी हेवर्ड यांनी लोकांची माफी मागितली आणि त्याच दमात ‘मला माझं आयुष्य परत हवंय’ असंही म्हणाले. माफी कुणाला आठवत नाही. तुमच्या दहा वाक्यांतलं कुठलं उचलायचं ते बातमीदार ठरवतो, म्हणून अकरावं बोलूच नये.

प्रश्नाला बगल द्यायला शिकवा, अशी मागणी अजूनही येते. असं काम आम्ही घेत नाही. आधी सरळ उत्तर, माहीत नसेल तर ‘माहिती घेऊन कळवतो’, आणि मग आपला मुद्दा. (कळवतो म्हटलं की कळवायचं, बातमीदाराची डेडलाइन उलटायच्या आत.) ‘ऑफ द रेकॉर्ड’, म्हणजे छापायचं नाही या अटीवर बोलणं, हेही बोलण्याआधी ठरवायचं असतं. बोलून झाल्यावर ‘हे छापू नका हं’ म्हणणं ही नुसती विनवणी.

‘छापण्याआधी बातमी दाखवतील का?’ हा प्रश्न हमखास येतो. सहसा दाखवत नाहीत, आणि आग्रह धरला तर संशय मात्र वाढतो. त्यापेक्षा ‘आकडे आणि नावं एकदा तपासून देऊ का?’ असं विचारावं. त्याला बरेच बातमीदार आनंदाने हो म्हणतात.